कोणी न म्हटलेली शेवटची ओळ

इंग्लंडातल्या रॉचडेलच्या एका नाटक कंपनीत ॲम्ब्रोज थॅकलीला एकाच माणसाचा संशय होता, आणि तोच माणूस रोज त्याला चहा आणून द्यायचा. चहा थॅकली गुपचूप खिडकीतल्या कुंडीत ओतायचा.

क्लाइव्ह ऑर्मरॉड त्याचं नाव. पडद्याआड वही धरून अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं, आणि थॅकली आजारी पडलाच तर त्याच्या जागी उभं राहायचं, ही दोन्ही कामं त्याचीच. म्हणजे दुधाची राखण मांजराकडे!

थॅकली एकसष्टचा. हॅलिफॅक्सच्या गिरणीत लोकर रंगवणाऱ्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी फिरत्या मंडळीबरोबर पळाला. आधी भालदार झाला, मग खुनी, मग वीस वर्षं कोणाचा ना कोणाचा बाप. मध्ये अकरा सिनेमे केले. नऊंत फौजदार, उरलेल्या दोनांत पहिल्या दहा मिनिटांत मेलेला. तरी त्याची आई प्रत्येक वेळी शेजारणींना घेऊन पुढच्या रांगेत बसायची.

आता मात्र वाक्यं डोक्यातून गळायला लागली होती. कंपनीच्या मालकीणबाई मिस होलरॉइड यांनी बजावलंच, "सोमवारी पहिला प्रयोग. लंडनचा सिनेमावाला तुला बघायला येतोय. लोकांसमोर अडलास, तर मंगळवारपासून क्लाइव्ह उभा राहील."

"मी अडत नाही. थांबतो."

"शुक्रवारी इतका थांबलास, की माझा चहा गार झाला!"

तेव्हापासून थॅकलीची नजर क्लाइव्हवरून हलेना. तालमीत तो थॅकलीचीच वाक्यं ओठांत पुटपुटायचा. शनिवारी त्याच्या कोटाच्या खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा डोकावला. थॅकलीने तो ओढून काढला. बारीक अक्षरात सगळी आपलीच वाक्यं!

"पाठांतर जोरात आहे की! मी मरायची तरी वाट बघ, बाबा."

क्लाइव्ह कानापर्यंत लाल झाला. "तसं नाही, मिस्टर थॅकली," एवढंच म्हणून त्याने चिठ्ठ्या परत घेतल्या.

एक ओळ मात्र त्या गठ्ठ्यात नव्हती. नाटकाची शेवटची ओळ पहिल्या प्रयोगाआधी कोणी मोठ्याने म्हणत नाही. म्हटली तर नाटक पडतं, अशी नाटकवाल्यांची जुनी समजूत. तालमीत तिथे आलं की थॅकली नुसतं 'टम-टी-टम' म्हणून मान लववायचा.

सोमवारी नाट्यगृह भरलं. दुसऱ्या अंकात थॅकलीचं डोकं एकदम कोरं झालं. हाताला चाळा म्हणून त्याने टेबलावरचं वर्तमानपत्र उघडलं, तर आत चिकटवलेली चिठ्ठी. वाक्य त्याचं, अक्षर क्लाइव्हचं. पुढे बशीखाली एक निघाली, टोपीत एक. थॅकली वाक्यं म्हणत गेला, पण संशय काही सुटेना. आत्ता सावरतोय, ते शेवटी पाडायलाच ना?

शेवट आला. नाटकातली त्याची मुलगी मेबल खाली मान घालून बसली होती. आता फक्त ती एक ओळ. ती आठवेना. टोपीत नाही, बशीखाली नाही. पडद्याआड कोपऱ्यात क्लाइव्ह उभा. वही उघडी, तोंड बंद.

'साधला डाव,' थॅकलीच्या मनात आलं.

क्लाइव्हने वही खाली ठेवली. हलकेच चार पावलं मागे जाऊन त्याने देखाव्यातलं दार बोटभर ढकललं. उजेडाची एक पट्टी थॅकलीच्या बुटांपर्यंत आली.

"दार लावू नकोस, मेबल," थॅकली म्हणाला. "अजून एकजण यायचाय."

पडदा पडला. टाळ्या थांबेचनात. सिनेमावाला मिस होलरॉइडना म्हणाला, "इतका वेळ गप्प राहायची हिंमत आजकाल कोणात आहे?" त्याने थॅकलीला काम दिलं. या खेपेला फौजदाराचं नव्हतं.

थॅकलीने क्लाइव्हला खोलीत गाठलं. "तोंडाला कुलूप का लावलं होतंस रे?"

"ती ओळ या रंगमंचावर अजून कोणी म्हटली नव्हती, मिस्टर थॅकली. पहिल्यांदा ती माझ्या तोंडून कशी काय निघणार?"

थॅकलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याने आणून ठेवलेला टेबलावरचा चहाचा कप उचलला, आधी वास घेतला, आणि तिथेच उभ्याने रिकामा केला.

"फार गोड," तो म्हणाला. "उद्या एक चमचा कमी घाल."