शेजारणीच्या घरातले तीन धर्म

माझी लेक शेजारणीला 'मम्मी' म्हणते, हे मला लिफ्टपाशी कळलं. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. लेक माझ्या पाठीमागे, शेजारणीच्या दारातून ओरडून म्हणाली, "बाय मम्मी, सी यू टुमॉरो!" आणि धावत येऊन माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "आई, चल ना." म्हणजे मी आई आणि ती मम्मी. शेजारीण दारात उभी राहून हसत होती. मीही हसले. हसताना जबडा दुखला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातल्या अल नहदाला आम्ही सातव्या मजल्यावर राहायचो आणि समोरच्या फ्लॅटमध्ये ही नायजेरियन बाई, नवऱ्याबरोबर. मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा आणि माझा नवरा दोघंही हमरियाच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचे. कंपन्या वेगळ्या, पण गाडी एकच, एक आठवडा आमची, एक आठवडा त्यांची. तिच्या देशात आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला मम्मी म्हणायची पद्धत आहे, हे नवऱ्याने मला नंतर समजावलं. ते समजूनही माझा सल काही कमी झाला नाही.

मी एका भारतीय शाळेत सहावी-सातवीला सामाजिक शास्त्र शिकवत होते. लेक त्याच शाळेत आठवीत. त्या वर्षी शाळेने प्रदर्शन ठरवलं: प्रत्येक तुकडीला एक खंड, आणि त्या खंडातल्या लोकांच्या श्रद्धा कशा बदलत गेल्या ते तक्त्यांवर मांडायचं. प्रिन्सिपॉलबाईंनी आधीच बजावलं, "विषय नाजूक आहे, एकेक शब्द आदराने लिहा." लेकीच्या तुकडीला आफ्रिका मिळाली. मला मनातून आनंद झाला. हा तर माझाच विषय. मुलगी माझ्याकडे येईल, दोघी मिळून जमिनीवर कागद पसरू, असं मी धरूनच चालले होते.

नकाशा मी त्याच संध्याकाळी काढून दिला. उत्तरेला हिरवा रंग, इस्लामचा. दक्षिणेला निळा, ख्रिस्ती. मधेमधे पिवळे ठिपके, ते जुने स्थानिक धर्म. इथिओपियाला वेगळा गडद निळा, कारण तिथलं ख्रिस्तीपण युरोपातल्या कित्येक देशांपेक्षा जुनं. ही शेवटची गोष्ट मला माहीत असल्याचा मला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी लेक नकाशा घेऊन समोरच्या घरी गेली आणि दोन तासांनी परत आली.

"आई, युअर मॅप इज राँग."

"काय चुकलंय?"

"मम्मीच्या घराला कुठला कलर देऊ? देअर आर थ्री कलर्स इन वन हाउस."

मग तिने मला तो सगळा इतिहास सांगितला. अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत, मधे श्वासही न घेता. शेजारणीच्या वडिलांकडचे लोक मुसलमान. वाळवंट ओलांडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संगतीने पिढ्यांमागे झालेले. वडील लहानपणी लाकडी पाटीवर कुराण लिहून, पाठ करून, पाटी धुऊन पुन्हा लिहायचे. आईकडचे आजोबा मिशनच्या शाळेत गेले आणि शाळेत नाव घालताना त्यांना बायबलमधलं नाव मिळालं. त्यांना शिकवणारे पहिले धर्मोपदेशक गोरे नव्हतेच. गुलाम म्हणून नेलेली, सुटका झाल्यावर परत आलेली त्यांचीच माणसं होती ती. हे मलाही ठाऊक नव्हतं. आणि आईची आई, म्हणजे आजी, नदीच्या देवीची पुजारीण. पांढरी वस्त्रं, हातात पितळेच्या बांगड्या. ईदला सगळं घर जेवायचं, नाताळला सगळं घर जेवायचं, आणि ऑगस्टमध्ये नदीच्या उत्सवाला सगळेच काही ना काही निमित्त काढून जायचे.

"मग?" मी विचारलं. माझ्या नकळत विचारलं.

"मग लाउडस्पीकरवाली नवी चर्चेस आली." शेजारणीचा थोरला भाऊ त्यांतल्या एकात गेला. एके दिवशी त्याने आजीच्या खोलीतली मडकी, मणी, पितळी वस्तू सगळ्या अंगणात आणल्या. मडकी फोडली, बाकीचं आगीत टाकलं. आजी ओट्यावर बसून होती. सगळं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, आंघोळीचं पाणी तापलं का.

हे सांगताना माझ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ती लहान असल्यापासून तिला रोज संध्याकाळी दिव्यापुढे उभं करत होते. तिथे तिचं लक्ष घड्याळाकडे असायचं.

त्या शुक्रवारी मी तिला हट्टाने बर दुबईच्या देवळात नेलं. देराहून अब्रा पकडली. त्या लाकडी होडीत बसायला तिला आवडतं, म्हणून. देवळाच्या गल्लीत गर्दी, चपलांचा ढीग, फुलांचे हार. रांगेत मी तिला आमच्या कुलदैवताबद्दल सांगायला लागले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण आई, त्याच्या आधी तुमच्या घरी कोणाची पूजा करायचे? हू वॉज देअर बिफोर?"

"आधी म्हणजे? हाच."

"ऑलवेज?"

मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. घरी आल्यावर ती चपला काढून थेट समोर गेली. शेजारणीकडे तळलेल्या केळ्यांचे काप असायचे. माझ्या हातचे केळ्याचे काप ही मुलगी ताटात बाजूला सारून ठेवते.

काही दिवसांनी, रात्रीची भांडी आवरताना, लेकीने मला एक गुपित सांगितलं. भावाच्या हातून आजीची एक बांगडी सुटली होती. ती शेजारणीजवळ आहे, तांदळाच्या डब्यात, तळाशी. नवऱ्यालाही माहीत नाही, कारण नवराही त्याच नव्या पंथाचा, कडक. "शी शोड इट ओन्ली टू मी," लेक म्हणाली. त्या 'ओन्ली'वर तिने केवढा जोर दिला. मला त्या बांगडीचं काही नव्हतं. मला तो 'ओन्ली' खुपला. माझ्याजवळ असं काय होतं, जे मी फक्त तिलाच दाखवावं?

प्रदर्शनाच्या दिवशी माझा नकाशा भिंतीवर होता, पण कोपऱ्यात. मधोमध लेकीने काढलेलं मोठं घर होतं. एका खोलीत लाकडी पाटी, एका खोलीत घंटा, एका खोलीत नदी. तिने जगाला सांगता येईल तेवढंच लिहिलं होतं. बांगडीचं अक्षरही नव्हतं. पालक थांबून वाचत होते. प्रिन्सिपॉलबाई दोनदा आल्या. "मॅडम, ही तुमचीच मुलगी ना? छान समजावलंय तुम्ही तिला." मी थँक्यू म्हणाले. लेकीने ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

शेजारीण आणि तिचा नवरा खास आले होते. तो कोट घालून, ती डोक्याला निळं कापड बांधून. त्याने सगळं वाचलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "छान केलंय. हा सगळा आमच्या आजी-आजोबांचा काळ. आता आमचं घर देवाच्या कृपेने स्वच्छ आहे."

आणि मी म्हणाले, हसत, अगदी सहज बोलल्यासारखं, "अहो, पण आजीची बांगडी अजून तांदळाच्या डब्यात जपून ठेवलीय ना हिने!"

आम्ही इंग्रजीत बोलत होतो. इंग्रजीत ते वाक्य आणखी हलकं वाटलं. तो बायकोकडे बघायला लागला. ती म्हणाली, "ओह, ती जुनी वस्तू," आणि पुढच्या तक्त्याकडे वळली. लेक माझ्याकडे बघत होती. तशा नजरेने तिने माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं.

नवऱ्याने गाडी काढली, लेक मागे खिडकीकडे तोंड करून बसली. घरी येऊन लेक म्हणाली, "इट वॉजन्ट युअर्स टू टेल." आणि खोलीचं दार लावून घेतलं. नवरा बूट काढत म्हणाला, "कशाला बोललीस?"

"चुकून गेलं तोंडातून."

"तुझ्या तोंडातून चुकून काही जात नाही," तो म्हणाला. सोळा वर्षांचा संसार होता, त्याला माहीत होतं.

दोन दिवस समोरचं दार बंदच होतं. त्या आठवड्यात गाडी त्यांची होती, तरी नवरा टॅक्सीने गेला. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. लेक माझ्याशी बोलत नव्हती, पण तिकडेही जात नव्हती. तिला तिकडे जायची लाज वाटत होती, आणि ती लाज मी दिलेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. लेक शिकवणीला गेली होती. दारात शेजारीण, हातात वर्तमानपत्राची पुडी.

"आत येऊ?"

ती सोफ्यावर बसली. म्हणाली, "तो ओरडला नाही. दोन दिवस उपास करून प्रार्थना करतोय. म्हणतो, ती वस्तू घरात असेपर्यंत माझं प्रार्थनेत मन लागत नाही. वाईट नाहीये तो. माझा भाऊही वाईट नव्हता." मग तिने पुडी माझ्यासमोर ठेवली. "तुमच्याकडे देवांची जागा आहे. तिथे इतके जण आहेत. आणखी एकीने काय बिघडणार?"

मला माफी मागायची होती. शब्द तयार होते, जिभेवर होते. मी म्हणाले, "चहा घेणार?"

"घेईन."

चहा होईपर्यंत ती देव्हाऱ्यासमोर उभी होती. चहाचा कप हातात घेऊन तिने, माझ्याकडे न बघता, सांगायला सुरुवात केली. भावाला आजीच्या लपवलेल्या वस्तूही सापडल्या कशा, हे तिने माझ्या लेकीला सांगितलं नव्हतं. आजी हुशार होती. अर्धी मडकी तिने कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरली होती. ती जागा एकट्या नातीला, म्हणजे शेजारणीला, माहीत होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भावाबरोबर वर्षभर त्या नव्या चर्चमध्ये जात होती. तिथे सगळे टाळ्या वाजवून गायचे, आणि भावाचं सगळे कौतुक करायचे. तिचं कोणी करत नव्हतं. "मी त्याला जागा दाखवली," ती म्हणाली. "त्या रविवारी सगळ्यांनी मला मिठी मारली. आजीला कळलं होतं. ती मला कधीच काही बोलली नाही. बांगडी भावाच्या हातून सुटलेली नाही. मरताना आजीने ती मला स्वतः दिली."

हे ती मला माफ करण्यासाठी सांगत होती, की मी कोण आहे ते मला दाखवण्यासाठी, ते मला आजही ठरवता येत नाही. तिचा आवाज दोन्हीला चालला असता.

"हे मुलीला सांगू नका," ती उठताना म्हणाली. "तिला मी आवडते."

बांगडी आमच्या देव्हाऱ्यात दीड वर्ष राहिली. लेकीला ती दिसली, तेव्हा तिने काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलायला लागली. दर शुक्रवारी चिंच लावून देवांची भांडी घासायचं काम तिने न सांगता स्वतःकडे घेतलं. घासताना ती गुणगुणायची, आणि ते गाणं माझं नव्हतं, समोरच्या घरातलं होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. सुखही व्हायचं आणि खुपायचंही.

समोरचं दारही हळूहळू उघडलं. केळ्याचे काप पुन्हा सुरू झाले. शेजारीण शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, नवऱ्याबरोबर चर्चला जायची, रमझानमध्ये वडिलांसाठी म्हणून चार रोजे धरायची, आणि कधीतरी दुपारी माझ्याकडे चहाला येऊन पाच मिनिटं देव्हाऱ्यासमोर उभी राहायची. नवऱ्याला ती चहाला जाते एवढंच ठाऊक होतं. एकदा मी न राहवून विचारलं, "यातलं खरं कुठलं?" ती म्हणाली, "माझी माणसं खरी. ती ज्या ज्या दारातून गेली त्या सगळ्या दारांशी मला थोडा वेळ उभं राहावं लागतं." माझं सामाजिक शास्त्राचं पुस्तक वीस वर्षं शिकवूनही मला असं वाक्य सुचलं नसतं, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

तिच्या नवऱ्याला दुसऱ्या देशात नोकरी लागली तेव्हा ते गेले. आदल्या दिवशी तिने बांगडी परत नेली. गावी जाऊन नदीत सोडणार म्हणाली. सोडली की नाही, मी विचारलं नाही. पार्किंगमध्ये लेक तिच्या गळ्यात पडून हुंदके देत होती आणि मी सामानाच्या बॅगा मोजत उभी होते.

पुढे कितीतरी वर्षं लेक तिला ईमेल लिहायची. लांबलचक. कॉलेजला गेल्यावरही. मी पाठीमागून गेले की स्क्रीन खाली व्हायची. "काय लिहितेस एवढं?" "नथिंग, आई." एकदा सुट्टीत घरी आली असताना जुन्या गोष्टी निघाल्या आणि ती म्हणाली, "मम्मीने मला सगळं सांगितलंय तिचं. देअर इज नथिंग आय डोन्ट नो अबाउट हर."

मी कणीक मळत होते. कोंबड्यांचं खुराडं, एकोणीस वर्षांची मुलगी, रविवारची मिठी, सगळं माझ्या ओठांवर आलं. एकदा मी असंच बोलून गेले होते. या वेळी बोलले नाही. शेजारणीचा शब्द पाळला, असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर, ती एवढी एक गोष्ट फक्त माझी होती, आणि मला ती लेकीला द्यायची नव्हती.

"हो का," मी म्हणाले आणि परातीत आणखी थोडं पाणी घातलं.