माशाचं डोकं हँडलकडे

आमच्या घरी सायकल आली तेव्हा तिच्याबरोबर एक तज्ज्ञही आला. तो माझा मोठा भाऊ. आदल्या दिवसापर्यंत तो साधा मॅट्रिक नापास होता. सायकलीवर टांग टाकल्यापासून मात्र त्याला यंत्रातलं सगळं कळू लागलं. विहिरीचा रहाट कुरकुरला, शिंप्याचं मशीन अडलं, की लोक दादाला विचारत आणि दादा कारण सांगे. दुरुस्त काही होत नसे, पण ऐकणाऱ्याचं समाधान होई.

गाव आमचं सोनाळ्याच्या बाजूला, जळगाव जामोद चार-पाच कोस. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. कागदावर मालक निजाम, कारभार इंग्रजांचा आणि कचेरी नागपुरात. जोडकाम कसं करावं याचा धडा आमच्या भागाला थेट सरकारातूनच मिळाला होता, म्हणून मी दादाला फार दोष देत नाही. थोडा देते.

त्या वर्षी मी सातवीला होते. मुलांच्या शाळेत, भिंतीकडे तरटाच्या तुकड्यावर बसणारी एकटी मुलगी. फायनल परीक्षा जळगावला व्हायची. बाबांनी घरात निकाल आधीच लावून ठेवला होता. "पास झाली तं अमरावतीले मास्तरणीचं शिकाले जाईन. नाही झाली तं उन्हाळ्यात लगन." पाहुणे पाहूनही गेले होते. मुलाकडे दोन म्हशी होत्या आणि मुलाविषयी सांगण्यासारखं तेवढंच होतं.

बाबांना परीक्षेपर्यंत आणलं ते दादानंच, हे मला सांगितलं पाहिजे. दोन दिवस तो त्यांच्याशी भांडला, जेवला नाही. माझ्यासाठी घरात दुसरं कोणी तोंड उघडलं नव्हतं. त्याचे उपकार खरे होते आणि हीच माझी अडचण होती. उपकार करणाऱ्याला तो चुकतोय असं सांगायची आमच्याकडे रीत नाही.

बाबा म्हणाले, आदल्या दिवशी बैलगाडीनं जा, जळगावात मावशीकडे राहा. दादाला ते अपमानाचं वाटलं. घरात सायकल असताना बैलगाडी? "दोन घंट्यात पोचवतो तिले," तो म्हणाला. आणि परीक्षेच्या तीन दिवस आधी सायकलीची चेन तुटली.

सायकली दुरुस्त करणारे मिस्त्री चाचा बाजाराच्या दिवशी आमच्या गावात येऊन लिंबाखाली बसत. दादा बोलायला आणि मी सायकल धरायला, असे आम्ही दोघं गेलो. चाचांनी चेनचा तुटका भाग काढून टाकला आणि एक डबा पुढे केला. त्यात चेनची दोन टोकं जोडायच्या सुट्या कड्या होत्या. अशा कडीला मिस्त्री लोक लॉक म्हणतात. दोन खिळ्यांची एक पट्टी, वरून बसणारी दुसरी पट्टी आणि या सगळ्याला धरून ठेवणारी स्टीलची बारीक पत्ती. पत्ती दिसायला माशासारखी. एका बाजूला बंद डोकं, दुसऱ्या बाजूला फाकलेली शेपटी. पाहिजे तेव्हा काढा, पाहिजे तेव्हा लावा.

"सब लॉक एकसारखे नसते, भाऊ," चाचा म्हणाले. "खिळे चेनीत अलगद गेले पाह्यजे. ठोकावं लागलं, का समजा थे तुमचं नाही." त्यांनी एक काळपट लॉक उचलून चेनीत घालून दाखवलं. ते लोण्यात बोट जावं तसं गेलं.

दादाला ते काळपट वाटलं, कारण ते काळपट होतं. त्यानं डब्यातलं सगळ्यात चकचकीत लॉक निवडलं. नवरी निवडताना आणि लॉक निवडताना आमच्याकडे एकच कसोटी लावतात. चाचांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. "लावून देऊ?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "काऊन? मी लावतो घरी."

"मंग एक ध्यानात ठेवा. हा मासा हाये. चेन जिकडं जाते तिकडं याचं डोस्कं. शेपटी पुढं केली, तं कुठंतरी अडकन अन् पत्ती उडन."

निघताना चाचांनी ते काळपट लॉक माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "ठेव बेटी. सायकल चांगली धरली तू." मी ते टाक-निबांच्या डबीत टाकलं.

घरी ओट्यावर दादानं सायकल उलटी केली. चाकं वर, हँडल खाली. आमच्या भागात सायकलीला काही झालं, की आधी तिला उताणी करतात, मग काय झालं ते पाहतात. शेजारपाजारची पाच-सात माणसं जमली. चकचकीत लॉकचे खिळे आत जाईनात. दादानं हातोडी घेतली. पट्टी थोडी वाकली, पण बसली. मग पत्ती हातात धरून त्यानं जमलेल्यांना शास्त्र समजावलं. सायकल कुठं जाते? पुढं. पुढं काय असते? हँडल. म्हणून माशाचं डोकं हँडलकडं. आणि वरच्या बाजूला दिसणाऱ्या चेनीवर त्यानं पत्ती तशीच ठोकून बसवली.

मी पायडल हातानं फिरवून पाहिलं. वरची चेन हँडलकडे जातच नव्हती. ती मागच्या चाकाकडे जात होती, आणि मासा शेपटी पुढे करून निघाला होता. सायकल सरळ असताना जी चेन खाली असते, तीच उलटी केल्यावर वर येते, आणि खालची चेन नेहमी मागेच जाते. एवढं कळायला मॅट्रिक नापास व्हायची गरज नव्हती.

"दादा, चेन तं मांगं जाऊन राह्यली," मी म्हटलं.

"सायकल उलटी हाये. म्हणून तुले तसं दिसते."

सगळे हसले. बाबाही हसले. मी गप्प बसले आणि त्याचा मला आजही राग येतो. दादाचा नाही, माझा. संध्याकाळी कोणी नसताना मी पत्ती नखानं सरकवून पाहिली. पत्ती हलली नाही, नख तुटलं. टाकाच्या निबानं उचकून पाहिली, तर निब वाकला. डबीतलं काळपट लॉक मात्र मी दोनदा पाहून ठेवलं. माझा देवावर भरवसा होता, हातोडीवर नव्हता.

परीक्षेच्या दिवशी साडेसातला आम्ही निघालो. दोन घंटे पुरेत, असा दादाचा हिशेब होता. मी मागे कॅरिअरवर, मांडीवर डबी आणि भाकरीचं फडकं. दहाला घंटा, घंटेनंतर दार बंद, असं मास्तरांनी बजावलं होतं. दादा खुशीत होता. अर्धी वाट गेल्यावर चेनकव्हरमधून कटकट आवाज येऊ लागला. दादा म्हणाला, नवी वस्तू हाये, बोलणारच. मग ती बोलायची थांबली. पायडल मोकळं फिरलं आणि चेन सापासारखी धुळीत लोळत मागे राहिली.

पत्ती नाही, पट्टी नाही. दादा गुडघ्यांवर बसून धूळ चाळू लागला. आजूबाजूला कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली रिकामी वावरं, वाटेवर माणूस नाही. दादाचं तोंड पांढरं पडलं होतं. "माह्यामुळं झालं," तो म्हणाला. आयुष्यात त्यानं हे एकदाच म्हटलं आणि तेव्हा मला ते ऐकायला सवड नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे दोन म्हशी उभ्या होत्या.

मी डबी उघडली. काळपट लॉक पाहून दादा उठला आणि सवयीनं सायकल उताणी करायला लागला.

"उलटी करू नको," मी म्हटलं. "बाभळीले टेकव. अन् तुहा अडकित्ता दे."

सुपारीचा अडकित्ता त्याच्या खिशात कायम असे. मी चेन पुढच्या दात्यांवर चढवली, दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या दात्यांवर आणून समोरासमोर ठेवली. तिथं चेन आपली आपण धरून राहते. हे चाचांना करताना मी पाहिलं होतं. खिळे अलगद आत गेले. वर पट्टी ठेवली. पायडल थोडं फिरवून कडी वरच्या चेनीवर आणली, चेन कुठं जाते ते डोळ्यांनी पाहिलं आणि मग पत्ती लावली. अडकित्त्यानं दाबताच ती टक् करून बसली.

"डोस्कं हँडलकडंच आलं की," दादा म्हणाला. "मी तेच तं सांगतलं होतं."

मी डबी उचलून कॅरिअरवर बसले. त्यानं सायकल अशी हाणली, की फडक्यातली भाकरी वाटेत कुठं पडली ते कळलंच नाही. शाळेचा शिपाई दार लोटत होता. मी काळ्या हातांनी आत शिरले. पहिल्या पेपरावर वंगणाची पाच बोटं उमटली होती. मी पास झाले.

निकाल कळला त्या दिवशी घरात पेढे आले. तोवर वाटेवरची गोष्ट गावभर झाली होती. तिच्यात अडकित्ता होता, बाभूळ होती, लॉक होतं आणि ते लावणारा दादा होता. मी त्या गोष्टीत कॅरिअरवर बसलेली होते. दादा खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरोखरच तसं आठवत असावं. चार माणसांत बाबा कौतुकानं मला म्हणाले, "सांग आता, दादा नसता तं पोचली असती का तू?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. ओट्यावर त्या दिवशी हसले होते तेच सगळे.

"पोचली असती," मी म्हटलं. "आदल्या दिवशी. बैलगाडीनं."

कोणी हसलं नाही. दादानं पेढा हातात धरला आणि तो बराच वेळ खाल्लाच नाही. मला वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यावेत इतकं नाही. मी डबीतून वाकलेला निब काढला आणि बाबांपुढे ठेवला. "त्या दिवशी संध्याकाळीच दादाची पत्ती काढाले गेली होती मी," मी म्हटलं. त्यांनी तो उचलून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि परत ठेवला.

जूनमध्ये मी अमरावतीला निघाले. रेल्वे दुसऱ्या दिवशी दुपारची होती आणि दादानं सायकल पुसून अंगणात उभी केली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी आदल्या दिवशी सकाळीच गाडी जुंपली आणि कासरा हातात घेऊन मला हाक मारली, "चला, मास्तरीणबाई."