क्वेसारवाल्या ताई

माझ्या थोरल्या नणंदेइतकी लांबवर माया लावणारी बाई उभ्या खानदेशात दुसरी झाली नसेल. बायकांचा जीव माहेरात गुंततो, ताईंचा क्वेसारांत. मी लग्न होऊन रनाळ्याला आले त्याच आठवड्यात, मी पोळ्या लाटत असताना, त्यांनी मला सगळं समजावलं. अतिदूरच्या दीर्घिकेच्या पोटात अजस्र कृष्णविवर असतं, त्यात पडणारा वायू गरगरत तापतो आणि सबंध दीर्घिकेहून जास्त तळपतो, तोच क्वेसार. त्या उजेडाचे रंग उलगडले की मधेच ठळक रेषा दिसतात. वायू कुठला, ते रेषेच्या जागेवरून कळतं आणि तो जितका जोरात फिरेल तितकी रेषा रुंद. एवढं होईतो तव्यावरची पोळी करपली. सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघून ताई माझ्या कानात म्हणाल्या, "मायन्या रेषा आज भलत्या रुंद शेतस."

दिवा दिसला की त्यांना राहवत नसे. पर्समध्ये जुन्या सीडीचा तुकडा कायम असायचा, त्यात कुठल्याही उजेडाचे रंग फाकून बघायचे. एका लग्नात मांडवातल्या ट्यूबलाईटपुढे तुकडा धरून त्या आनंदानं ओरडल्या, "पारा शे, पारा!" नवरदेवाचे वडील आधीच मानपानावरून धुमसत होते. ते ताडकन उठले, "कोना पारा चढना?" ताईंनी त्यांना हाताला धरून ट्यूबखाली नेलं आणि पाऱ्याची हिरवी रेषा दाखवली. गृहस्थ मानपान विसरून पंगत उठेपर्यंत तो तुकडा डोळ्याशी धरून बसले होते.

मग माझं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर जखम चिघळली, ताप उतरेना. यांची नोकरी धडगावला, त्यात दरड कोसळून घाट बंद. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं. ताईंना फोनवर कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या, परदेशी जायला भरलेल्या बॅगेसकट. त्यांनी मला न्हाऊ घातलं, जखम धुतली, बिनमिठाची खिचडी भरवली. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाल्या, "मीठ ते सोडियम शे, वहिनी. नंतर टाकसू."

एका दुपारी त्या ओसरीवर फोनवर बोलताना ऐकू आलं, "नाही, माझं येणं होत नाही. दुर्बिणीची वेळ दुसऱ्या कुणाला द्या." किती वर्षं त्या वेळेसाठी त्या अर्ज करत होत्या, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "ताई, तुमनं काम ऱ्हाई गयं ना मन्हामुळे?"

"कोठे पळी जाई तो क्वेसार? अब्ज वरीस चालत उना त्याना उजेड. आखो एक वरीस थांबी जाई."

मला ते पटलं. मी बरी झाले.

पुढे गावातल्या शाळेनं त्यांचं भाषण ठेवलं. मी मागच्या बाकावर होते. ताई सांगत होत्या की काही क्वेसारांत पडणारा वायू अचानक आटतो, उजेड मंदावतो आणि त्या रुंद रेषा थोड्याच काळात पार मावळतात. त्यांच्या एका क्वेसारात नेमकं तेच घडत होतं. एका मुलीनं विचारलं, "मग तुम्ही ते पाहिलं?"

"नाही. त्या हंगामात बघणं झालं नाही. नंतर सूर्य आड आला आणि तो बाजूला होईपर्यंत रेषा गेल्या होत्या," असं म्हणून त्या घाईघाईनं पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या पायांशी वाकले. त्या चार पावलं मागे सरल्या. "अवं, काय करी ऱ्हायनी? लोके देखी ऱ्हायनात!" आणि वेगळाच विषय काढून भराभर घराकडे चालू लागल्या.

आता त्या फार दूरच्या देशात असतात. रविवारी फोन येतो. माझ्या तब्येतीची चौकशी करून झाली की क्वेसार सुरू होतात. मी हं हं करत राहते. निम्मं कळत नाही, पण फोन मी कधीच आधी ठेवत नाही.