बंद गाडीच्या फेऱ्या

माझा काका लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या ओढतो. त्याच्याकडे टोइंगचा एक जुना निळा ट्रक आहे. मागे साखळी आणि आकडा, टपावर गरगर फिरणारा पिवळा दिवा. लहानपणी आम्ही भावंडांनी त्याचं नाव ओढकाका पाडलं आणि ते इतकं चिकटलं की आता गिऱ्हाइकंही फोनवर "ओढकाका आहेत का?" असंच विचारतात. त्याचा त्याला राग येत नाही. राग यायला त्याच्याकडे दुसरी पुष्कळ कारणं असतात: लोक गाडीत वेळेवर ऑइल घालत नाहीत, बंद पडली की तिला लाथा मारतात, आणि वर त्यालाच विचारतात, "असं कसं झालं हो?"

त्याची एक सवय सांगायलाच हवी, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. गाडीला आकडा लावायच्या आधी तो खिशातून रुमाल काढतो आणि तिची मागची नंबर प्लेट पुसतो, तीही लख्ख होईपर्यंत. पावसात असो, उन्हात असो, गाडीचा मालक शेजारी उभा राहून चरफडत असो. या धंद्यातले बाकीचे लोक ओढायच्या गाडीच्या पाटीवर गोणपाट टाकतात आणि वर आपल्या ट्रकच्या नंबरचा फळा लटकवतात. नियमच तसा आहे. पण काकाला तो मान्य नाही.

"गाडी बंद पडली म्हणून तिचं तोंड झाकायचं? ती काय चोरी करून आलीय?" तो म्हणतो.

गाडीची इतकी काळजी करणारा माणूस आपल्या तब्येतीकडे ढुंकून बघत नाही, ते वेगळं. आणि आमच्या घरात त्याला कोणी काही सांगायला गेलं, तर कान एकच, आणि तोही इंजिनाकडे लावलेला.

मी परिचारिका आहे. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची, अशी नोकरी मला लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. अट एकच, स्वतःची गाडी हवी आणि तिची कागदपत्रं चोख हवीत. गाडी होती. माझ्या बाबांची, छोटी, पांढरी. बाबा गेल्यावर ती जी बंद पडली ती पडलीच. आम्ही घर बदललं तेव्हा आई म्हणाली, "भंगारात द्या, तिच्यावर आणखी खर्च नको." काका हो म्हणाला आणि गाडी आपल्या आवारात नेऊन ठेवली. मग माझं शिक्षण संपत आलं तशी एक दिवस त्यानं तीच गाडी दारात आणून उभी केली. चालू!

"मामुली बिघाड होता," तो म्हणाला होता. "एका मित्रानं तासाभरात लावून दिली."

आता फक्त तिची संपलेली नोंदणी पुन्हा करायची आणि गाडी माझ्या नावावर चढवायची. शुक्रवारी सकाळी मी आणि काका नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थानं नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"गाडी ब्लॉक आहे. टोलची जुनी बिलं भरलेली नाहीत."

"कुठला टोल?" मी म्हणाले.

"बाहेरचा मोठा रस्ता. तारखा बघा." त्यानं पडदा आमच्याकडे वळवला. तारखांची रांगच्या रांग. सगळ्या गेल्या हिवाळ्यातल्या.

मला हसूच आलं. गेल्या हिवाळ्यात ती गाडी काकाच्या आवारात मेल्यासारखी पडली होती! काकाला मात्र हसू आलं नाही. त्याचा आवाज मुळातच चढा, त्यात राग. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"अहो, ती गाडी ठार बंद होती! ढकलली तरी हलत नव्हती. ती काय रांगत गेली टोलच्या रस्त्यावर? कोणीतरी खोटी पाटी लावून फिरलाय, आणि तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय!"

"मला ओरडून काय उपयोग, काका? टोलवाल्यांची खिडकी वर आहे, दुसऱ्या मजल्यावर. ते म्हणाले तर मी लगेच काढतो. पण आज. उद्यापासून दोन दिवस आम्ही बंद."

म्हणजे आज नाही तर नोकरी हुकली. काका लिफ्टची वाट न बघता जिना चढायला लागला. साठीचा माणूस, पण दोन दोन पायऱ्या एकदम! मी मागून धावत होते आणि तो वरून बजावत होता, "तू काही बोलू नकोस. मी बघतो त्यांच्याकडे."

वरच्या खिडकीत एक बाई होत्या. चष्मा केसांत खोचलेला, टेबलावर कॅल्क्युलेटर आणि हातात अर्धं सफरचंद. काकानं चोराची आणि संन्याशाची फिर्याद पुन्हा पहिल्यापासून मांडली. बाईंनी शांतपणे सफरचंद खाल्लं, हात पुसले आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"त्या रस्त्यावर नाका नाही, माणूस नाही. वर कॅमेरा आहे, तो मागून पाटीचा फोटो काढतो. पत्रंही पाठवलीत आम्ही, या पत्त्यावर." पत्ता आमच्या जुन्या घराचा होता. "चोर आहे की संन्यासी, ते फोटोच सांगेल."

त्यांनी पहिला फोटो उघडला.

पडद्यावर बाबांच्या गाडीची मागची बाजू दिसत होती. मागच्या काचेला मी शाळेत असताना चिकटवलेलं कासव होतं. पाटी तर अशी चमकत होती की नंबर गल्लीच्या टोकावरून वाचता यावा. आणि गाडीच्या टपापलीकडे, पुढे, एक पिवळा दिवा.



"हा ट्रक कोणाचा?" बाईंनी विचारलं.

काका आपल्या चपलांकडे बघत राहिला. मी त्याला कोपरानं ढोसलं. "काका, अरे हा तू आहेस!"

"मला काय माहीत कॅमेरा मागून फोटो काढतो?" काका पुटपुटला. "मला वाटलं, ट्रकचा नंबर पुढून बघतात."

बाईंनी दुसरा फोटो उघडला, मग तिसरा, मग पुढचे. धुक्यातला, भर उन्हातला, पावसातला. प्रत्येक फोटोत तीच गाडी, तीच लख्ख पाटी, पुढे तोच पिवळा दिवा. कधी जाताना, कधी परत येताना.

"इतक्या वेळा कुठे नेत होतास?" मी विचारलं.

"वर्कशॉपला."

"कुठल्या?"

"एका का? कोणी म्हणे पार्ट मिळत नाही, कोणी म्हणे फेकून द्या. मग पुढच्या गावातला." त्यानं मान वर केली. "तुझी आई भंगारात दे म्हणाली होती. तिला सांगितलं असतं तर माझंच भंगार केलं असतं तिनं. पण तू म्हणाली होतीस ना, बाबांच्या गाडीतून पेशंटकडे जाईन म्हणून."

मी असं कधी म्हणाले होते, मला आठवतही नव्हतं. पण या माणसाचा भयंकर राग आला. तासाभरात लावून दिली म्हणे!

बाईंचं काम थांबलं नव्हतं. "ओढून नेलेल्या गाडीचा टोल ट्रकवर लागतो. इथे सही करा, सगळी बिलं तुमच्या ट्रकवर जातील आणि ताईंची गाडी आत्ता मोकळी होईल. मात्र बिलं भरेपर्यंत ट्रक ब्लॉक."

काकानं पेन उचललंसुद्धा! मी ते त्याच्या हातातून हिसकावलं.

"वेडा आहेस का? ट्रक बंद तर खाशील काय?"

"ते मी बघतो. तुझी नोकरी जायला नको."

"आणि तुझा धंदा गेला तर चालेल? सही करायची नाही!"

पेनावरून आमची अशी झोंबाझोंबी चालली होती की बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "भांडण घरी करा! नियम म्हणजे नियम, मी काय करू?"

"करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय," काका स्वतःशीच म्हणाला. "एवढा पास काढला, तोही फुकट गेला."

बाईंचा हात थबकला. "कसला पास?"

"ट्रकचा. रोज रोज जायचं म्हणून महिन्याचा काढत होतो."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? ट्रकचा नंबर सांगा!"

त्या भराभर टाइप करत होत्या आणि मी काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभी होते. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरत राहिलं. बाई पुढे वाकल्या आणि खुदकन हसल्या.

"आहे! अख्खा हिवाळा पास आहे, आणि त्यावर एकसुद्धा फेरी नाही. मी तेरा वर्षं इथे बसतेय, पास काढून एकदाही न वापरणारा माणूस पहिल्यांदा बघितला."

वापरणार कसा? जाताना मागे माझी गाडी, येताना मागे माझी गाडी. कॅमेऱ्याला ट्रकची पाटी कधी दिसलीच नाही. पास त्यानं फक्त माझ्यासाठी काढला होता! मी तिथल्या तिथे उडी मारली आणि काकाला मिठी मारली. तो "अगं, लोक बघतायत" म्हणत सुटायला बघत होता, पण आता मी थोडीच सोडते.

बाई एकेक बिल पासावर वळवत रद्द करत गेल्या. शेवटच्याला थांबल्या.

"हे नाही होणार. हे तुम्हाला भरावंच लागेल."

"का?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तोच रस्ता, तीच गाडी, तेच कासव. पण पुढे पिवळा दिवा नव्हता, ट्रकच नव्हता, मोकळा रस्ता होता. गाडी स्वतःच्या चाकांवर धावत होती. चालवणाऱ्याच्या खिडकीतून खांद्यापर्यंत एक हात बाहेर आला होता, वर उंच. मुठीत बहुतेक रुमाल होता, कारण वाऱ्यावर काहीतरी फडफडत होतं.

"हात दाखवून अवलक्षण," काका म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ट्रक आवारात ठेवून नुसती चालवून बघायला नेली होती. आवाज न करता चालली ना ती, म्हणून..."

मी पर्स उघडली आणि त्या एका फेरीचे पैसे बाईंसमोर ठेवले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कुठलंच बिल भरलं नव्हतं. फोटोची प्रत मागितली. बाई म्हणाल्या, तशी पद्धत नाही. मग इकडे तिकडे बघून त्यांनी प्रिंटरचं बटण दाबलं.

खालच्या गृहस्थानं खिडकी बंद करता करता आमचा कागद घेतला आणि नोंदणी झाली, माझ्या नावावर.

सोमवारी पहाटे माझी पहिली पेशंट त्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती. निघण्याआधी मी रुमाल घेऊन मागची पाटी पुसली. कॅमेऱ्याची कमान जवळ आली तशी काच खाली केली आणि हात बाहेर काढून जितका वर जाईल तितका वर केला. बिल येईलच. या वेळी पत्ता बरोबर दिलाय.