माझ्या उंचीचा लेथ

आज यांनी माझ्या लेथवरचं गोणपाट उचलून पाहिलं. माझी उंची कमी, म्हणून यांनी लाकूड कातायचा हा बुटका लेथ घरीच बनवला. हत्यार टेकवायची पट्टी माझ्या कोपराशी मापून बसवली. पण शेजारच्या काकू हसल्या, "आम्ही लाटण्यानं पोळ्या लाटतो, ही बाई लाटणीच कातते." तेव्हापासून मी तो झाकूनच ठेवते. लाज चार लोकांची वाटते आणि दुखावतो आपण घरच्या माणसाला.

"पट्टी उंच होते का गं? म्हणून काम करत नाहीस?" यांनी विचारलं.

"हो, थोडी होते," मी म्हटलं.

बरोबर बसलेली ती पट्टी यांनी तासभर कानशीने घासली. मग मला उभं करून पुन्हा माप घेतलं. "आता?" म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.