मोराची पाठ

कुणी काही हातात दिलं की आई आधी ते उलटं करायची. भांडं असो, साडी असो, नाहीतर भाकरी. "पुढनं समदंच बरं दिसतंय," म्हणायची, "पाठ दाव." गडमुडशिंगीत आमच्या गल्लीतल्या कुणासाठी स्थळ बघायला आईला सोबत नेलं, तर बाकीच्या बायका सोप्यात बसून पोहे खायच्या आणि ही थेट परसदारी जाऊन उभी. एका घरची न्हाणी बघून तिनं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाच्या आईनं पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते, असं तीच कौतुकानं सांगायची.

गल्लीतल्या लग्नांची रुखवतं आईच मांडायची. नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडायच्या, त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी लावायची, मग मुलाकडच्या बायका त्याभोवती फिरून नाकं मुरडणार. आईच्या स्वतःच्या लग्नात थोडी पितळी भांडी आणि एक विणलेली पिशवी, एवढंच रुखवत होतं. तिच्या सासूनं ते तिला शेवटपर्यंत ऐकवलं. म्हणून आई कुठल्याच पोरीचं रुखवत रिकामं राहू देत नसे. लोक तिला मोठ्या मनाची म्हणत. मन तिचं होतं, वस्तू माझ्या होत्या.

चौथीत मी काड्यापेटीतल्या काड्यांचं घर केलं. कोऱ्या काड्या वापरल्या म्हणून शिव्या खाल्ल्या ते वेगळंच. कार्यानुभवाच्या बाई म्हणाल्या होत्या, घरी न्या, आईला द्या. आईनं ते उलटं केलं, "डिंक वघळलाय की," म्हणाली आणि टीव्हीवर ठेवलं. थोड्याच दिवसांत ते मला खालच्या गल्लीतल्या एका लग्नात दिसलं, दुसरीच्याच नावाची चिठ्ठी लावून. मी मांडवात रडायला लागले. आईनं दंडाला धरून बाजूला घेतलं आणि सांगितलं की रुखवतातलं परत मागत नसतात, आणि त्याच्यावर तुझं नाव कुठं लिहिलंय?

हे मी लक्षात ठेवलं.

आठवीत मी मॅटीच्या कापडावर मोर भरला. गाठ न मारता दोरा टाक्यांखालून कसा ओवायचा, म्हणजे पाठ स्वच्छ राहते, ते बाईंना मुद्दाम विचारून घेतलं. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली. खालच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलं : आईसाठी, रेखा. आता देऊन बघ म्हटलं कुणाला.

आईनं मोर उलटा केला. उजेडात नेला. मागून बोट फिरवलं. "ह्या खेपंला पाठ बरी हाय," म्हणाली. एवढं कौतुक तिनं पुढं कधी केलं नाही. वडिलांना खिळा ठोकायला लावून तिनं तो सोप्यात लावला. आल्यागेल्याला सांगायची, आमच्या रेखीनं केलाय. ते ऐकायला मी दाराआड उभी राहायची.

मग शेजारच्या शोभाक्काचं लग्न ठरलं. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. एक दिवस मी शाळेतून आले तर आई अंगणात उन्हाला पाठ देऊन बसलेली. मांडीवर मोर, हातात सुई. ती माझं नाव उसवत होती. एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. उसवलेल्या जागेवर हिरव्या दोऱ्यानं वेल भरायला घेतली होती. वेल सुरेख होती. माझ्या मोरापेक्षा सुरेख.

मी म्हटलं, हा तुझ्यासाठी केला होता.

"मला दिलास न्हवं?" ती वर न बघता म्हणाली.

"व्हय."

"मग माझा झाला. माझं मी कुणालाबी दीन." आणि दोरा दातानं तोडून म्हणाली, "रडायचं आसंल तर आत जा. शोभीला ऐकू जाईल."

त्यानंतर मी सुई धरली नाही. बटण तुटलं तर पिन लावून कॉलेजला गेले. आमच्या भावकीत पदवीधर झालेली मी पहिली, पोरगे धरूनसुद्धा. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पदवीचा कागद आणला तेव्हा आईनं तोही उलटा केला. "मागं कायच न्हाय की," म्हणाली आणि परत दिला.

माझं लग्न ठरलं तेव्हा घरात माझ्या हातचं काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, रिकामं राहू दे. आई महाद्वार रोडला गेली आणि मण्यांचा हत्ती, मोत्यांचं तोरण, लोकरीची बाहुली असलं पिशवीभर विकत घेऊन आली. चिठ्ठ्या माझ्याकडूनच लिहून घेतल्या, अक्षर बरं म्हणून. 'रेखा हिने स्वतः केलेले.' त्या दिवशी आईनं एकाही वस्तूची पाठ बघितली नाही. हत्तीच्या पोटाला दुकानाचं लेबल तसंच राहिलं होतं, ते माझ्या सासूबाईंनी बघितलं. मांडवात काही बोलल्या नाहीत. घरी गेल्यावर बोलल्या, आणि थांबल्या नाहीत. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी बी ऐकलंय. कान झडत न्हाईत."

आई गेली. दिवसकार्य झाल्यावर मी तिची ट्रंक उघडली. साड्या, डांबराच्या गोळ्या, एक रिकामी पर्स. सगळं उलटंपालटं केलं. माझं काही नव्हतं. तिच्या हातचंही काही नव्हतं. तिनं जे काही भरलं-विणलं असेल ते सगळं मांडवांतून वाटलं होतं.

म्हणून जयसिंगपूरला शोभाक्काकडे गेले. मोर बाहेरच्या खोलीत होता, काचेच्या फ्रेममध्ये, देवाच्या फोटोंच्या ओळीत. तिच्या मुलीनं पाणी दिलं आणि मी बघतेय म्हणून सांगितलं, मम्मीनं केलाय, लग्नाच्या आधी. शोभाक्का दारातच उभी होती. ऐकून तिनं पदर सारखा केला.

मुलगी आत गेल्यावर मी सरळ मागितला. म्हटलं, आईच्या हातचं माझ्याकडं काहीच नाही, त्या कोपऱ्यातली वेल तिची आहे.

"रुखवतातलं परत मागत्यात व्हय गं?" शोभाक्का म्हणाली. "तुझ्या आईनंच शिकीवलंय आमाला. आनि पोरीला काय सांगू? इतकी वर्सं मी केला म्हणून सांगत आलोय."

बरं, म्हटलं, निदान पाठ बघू दे. तिनं मनाविरुद्ध फ्रेम काढून दिली. मी उलटी केली. मागं प्लायवूड ठोकलेलं, वर खाकी कागद चिकटवलेला. माझे टाके, आईची वेल, माझ्या नावाची भोकं, सगळं आत बंद. नखानं कागदाची कड उचलली तर शोभाक्का म्हणाली, "काच फुटंल."

मुलगी चहा घेऊन आली. तिनं विचारलं, आवडला का?

"पुढनं बरा दिसतोय," म्हटलं, आणि मीच तो खिळ्याला लावून दिला.