टॉवेल टाकलेले दोन सोफे

माझ्या लग्नात पत्रिका जुळली, पसंती झाली, मानपानसुद्धा विनातक्रार ठरला. अडलं ते पुढाऱ्यांवर. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, तात्यांचे जुने कार्यकर्ते. होणारे सासरे भाऊंचे. दोघेही नेते जामखेडच्याच बाजूचे, आणि एकाच्या माणसाने दुसऱ्याचं कौतुक करायचं नाही ही इकडची रीत.

बैठकीत पोहे संपायच्या आतच तुलना सुरू झाली. आप्पांनी तात्यांची कारकीर्द एकेक पायरी करून सांगितली. ग्रामपंचायत, बाजार समिती, झेडपी, मग आमदारकी. सासरे म्हणाले, "आमच्या भाऊंनी पायऱ्या न्हाई मोजल्या. कॉलेजची निवडणूक जिंकली आन् थेट तालुका." आप्पांनी काढलं की भाऊंनी तीन पक्ष बदलले. सासऱ्यांनी काढलं की तात्यांनी पक्ष बदलला नाही हे कबूल, पण पक्ष दोनदा फुटला आणि दोन्ही वेळा तात्या नेमके सत्तेच्या तुकड्यात सापडले. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवते. इतकी सोपी मांडणी मला वर्गात कधी जमलेली नाही.

मग आला वजनाचा मुद्दा. आमच्याकडे तो एकाच काट्यावर तोलतात: पुढारी लग्नाला स्वतः येतो की पीएला पाठवतो. दोघांनीही आपापला नेता स्वतः येणार म्हणून छाती ठोकली. एवढ्यावर थांबतील तर ते कसले. दोन्ही नेते आल्याशिवाय मंगलाष्टका सुरू करायच्या नाहीत, असं या शहाण्यांनी भर बैठकीत ठरवलं आणि सुपारी फोडली. मला कुणी विचारलं नाही. मला तेव्हा त्याची गंमत वाटली, ही माझी चूक.

लग्न खर्डा रोडच्या मंगल कार्यालयात होतं, मुहूर्त बारा पस्तीसचा. स्टेजसमोर दोन सोफे मांडले होते, त्यांवर पांढरेशुभ्र टॉवेल. कुणाची म्हातारी आत्या जरा टेकली तरी आप्पा तिला उठवत होते.

मी हार घेऊन अंतरपाटामागे उभी राहिले. बारा पस्तीस झाले. माइकवाला सांगत होता, "मान्यवर निघालेले आहेत." पावणेएक झाले. मान्यवर अजून निघालेलेच होते. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "एकपर्यंत रेटतो. त्यानंतर आज मुहूर्त नाही."

आप्पा आणि सासरे गेटवर उभे होते, फोन कानाला लावून. आप्पांना तात्या यायला हवे होतेच, पण त्याहून जास्त भाऊ यायला नको होते. सासऱ्यांचं बरोबर उलट. दोघांपैकी एकाचाच नेता आला असता तर दुसरा माणूस न जेवताच वऱ्हाड घेऊन निघून गेला असता, याची मला खात्री होती. पलीकडून नवरदेवाने अंतरपाटाचं टोक जरासं उचलून हळूच विचारलं, "काय करायचं?" त्याच्याकडे काही योजना नाही हे दिसतच होतं.

मी शालू सावरत स्टेजवरून उतरले आणि हार हातात घेऊनच गेटवर गेले.

"आप्पा, तात्यांना माझं नाव माहितीय का?"

आप्पांनी फोन कानावरून खाली घेतला. "त्यांना लई व्याप असत्यात, बाळा."

सासऱ्यांच्या मिशीत हसू उमटलं. मी त्यांच्याकडे वळले. "मामा, आणि भाऊंना तुमच्या मुलाचं?"

मिशी होती तिथे आली.

बारा पन्नास झाले होते. मी दोघांच्या दंडाला धरून त्यांना आत आणलं आणि त्या दोन सोफ्यांवर बसवलं. दोघेही टॉवेल चुरगळणार नाही अशा बेताने, कडेला टेकून बसले. मी परत अंतरपाटामागे उभी राहिले आणि गुरुजींनी कुणाच्या परवानगीची वाट न बघता पहिलं कडवं सुरू केलं.

दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत आप्पांचा फोन वाजला. तात्यांचा पीए. आप्पांनी आयुष्यात त्या फोनला 'हो'शिवाय दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. फोनवर ते नेहमीच मोठ्याने बोलतात, त्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. मी अंतरपाटामागे रडत होते, मलाही ऐकू आलं.

"व्हय, लागतंय लगीन," आप्पा म्हणाले. "न्हाई, आता नका येऊ. सोफ्यावर मी बसलोय."